दिवसपाळीचा पार्टनर

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आलो एकदाचा! सकाळी परभणीहून निघालो, दुपारी वाळूजच्या चौकात उतरलो, आणि दिवस मावळायच्या आत तिथल्याच रांजणगावात माझ्या नावावर अर्धी खोली झाली. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी. खोली एक, खिडकी एक, लोखंडी खाट एक, आणि राहणारे दोघं. दुसरा दिवसपाळीला, मी रातपाळीला. मी कामावर गेलो की तो येऊन झोपणार, तो गेला की मी. इथल्या निम्म्या खोल्या अशाच चालतात म्हणे. कंपन्यांचे भोंगे तेवढे वेगळे, गाद्या त्याच.

घरमालकीण मनकर्णाबाई. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो, त्यांनाही ते आवडलं. शेतातला तुकडा विकून त्यांनी खाली स्वतःचं घर आणि वर चार खोल्या बांधल्यात. बाकीच्या तीन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या. त्या म्हणाल्या, एका खाटंवर दोघं असले की लई बरं, भांडण नाय, तंटा नाय, एकमेकाचं तोंडच दिसत नाय. नवराबायकोलाही असंच ठेवायला पाहिजे, असं वर म्हणून स्वतःच हसल्या. पार्टनरचं नाव सोमनाथ, देवगाव रंगारीचा. तो उद्या येईल, किल्ली खिळ्याला आहे. त्या स्वतः उद्याच दौलताबादला निघाल्या, लेकीच्या बाळंतपणाला. नाताळापर्यंत काही येत नाहीत.

इथला नियम एकच: उठणाऱ्यानं गोधडी घडी करून ठेवायची.

रोज लिहायचं डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. पुण्यात शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना लाइट लावायचं काम करता करता मी त्या गोळ्यांच्या नादी लागलो होतो. ऑगस्टपासून बंद आहे. रूपालीताईनं मला परभणीला आणलं, रजा टाकून उशाशी बसली. गोळ्या सुटल्या, पण मन काही वर येईना. मॅडम म्हणाल्या, तुम्ही पुढच्या कितीतरी दिवसांचा आनंद आधीच उचलून खर्च केलाय, तो हळूहळू भरेल. तोवर रात्री झोपा, उन्हात फिरा, आणि एका माणसाला रोज खरं सांगा की आज कसं वाटलं.

ते माणूस म्हणजे ताई. आणि ताईला मी दिवसपाळी मिळाल्याचं सांगून बसलोय. असो. नोकरी लागलीय, हे काय कमी आहे? आज खरंच बरं वाटतंय.

४ डिसेंबर, बुधवार

पहिली रातपाळी पार पडली. गाडीच्या दरवाजांची रबरं तपासायची. शेजारच्या टेबलावर कडुबा नावाचे एक गृहस्थ आहेत, ते रात्रभर घरच्या गाईबद्दल बोलतात. छान आहेत.

सकाळी खोलीवर आलो तर सोमनाथ येऊन, झोपून, निघूनही गेलेला! गोधडी घडी केलेली नव्हती. पहिल्याच दिवशी नियम मोडला, म्हणून जरा चिडलोच. पण आत शिरलो आणि चिडणं विसरलो. गोधडीत ऊब होती. बाहेर हाडं वाजवणारी थंडी, आणि इथं कुणीतरी माझ्यासाठी अंथरूण तापवून ठेवलेलं. स्टोव्हजवळ कपात चहा होता, वर बशी झाकलेली. अजून वाफ धरून होता.

पुण्यात सहा वर्षं काढली, पण माझ्यासाठी चहा झाकून ठेवणारं कुणी भेटलं नाही. मोठा माणूस आहे हा.

९ डिसेंबर, सोमवार

आता खरं लिहितो, निदान वहीत.

सकाळी मी स्टॉपवरून घरी चालत येतो तेव्हा अख्खी वस्ती समोरून कामावर निघालेली असते. मोटारसायकली, डबे, आंघोळी केलेली डोकी. सगळे एकीकडे, मी उलटा. कुणी ओळखत नाही, कुणी ओळखावं असंही काही नाही. शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते, म्हणून शहरात जाऊन इमरती खाल्ली. गोड होती, एवढं कळलं. आवडली की नाही ते कळेना. आवडण्याची जागा कुणीतरी सारवून सपाट केल्यासारखी झालीय.

ताईचा फोन दुपारी येतो, ती शिकवते त्या शाळेच्या सुट्टीत; तेव्हा माझीही जेवणाची सुट्टी असते, असं तिला सांगितलंय. उचलण्याआधी मी एकदा हसून बघतो, गळा मोकळा करतो. ती विचारते, कसा आहेस रे. मी म्हणतो, मजेत. ती विचारते, खरंच? मी म्हणतो, एकदम मजेत. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडतो. तिनं माझ्यापायी काय कमी भोगलं? आता पुन्हा तिच्या गळ्यात हे कशाला टाकू?

सोमनाथची मात्र सोबत आहे. मी दौलताबादचे पेरू आणले होते, अर्धा त्याच्यासाठी ठेवला. सकाळी तो अर्धा गायब आणि चहाशेजारी गुळाचा खडा. न बघितलेल्या माणसाशी माझी अशी देवाणघेवाण चालू आहे. या गावात माझं म्हणावं असं माणूस एकच, आणि त्याचं तोंड मला माहीत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करायची रांग मोठी, म्हणून हल्ली फोन खोलीवरच ठेवून जातो. सोमनाथवर तेवढा विश्वास आहे.

पण आज एक गोष्ट कळली आणि ती बरी नाही.

माठ रोज सकाळी रिकामा असतो. या थंडीत! मला वाटायचं, गळत असेल. आज झाडताना खाटेच्या पट्टीखाली हात गेला, तर च्युइंगमचे गोळे चिकटवलेले, ओळीनं. उशीचा कोपरा दातांनी चावून चोथा केलेला. हे कशाचं लक्षण आहे ते मला कुणी सांगायला नको. गोळी घेतली की जबडा आपला राहत नाही, घसा सुकतो, आणि पाय थांबत नाहीत.

म्हणजे ज्याच्या भीतीनं पुणं सोडलं, तोच माल माझ्या उशाशी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय! आधी वाटलं, आत्ताच्या आत्ता पिशवी उचलावी. मग वाटलं, बिचारा पोरगा. शेतकऱ्याच्या घरातला, एकटा, कुणाला सांगू शकत नसेल. मला तरी ताई होती. आज त्याच्यासाठी केळी आणि लिंबू ठेवून निघतोय. शुक्रवारी थांबून त्याला गाठायचं आणि समोर बसवून बोलायचं.

या विचारानं बऱ्याच दिवसांनी जरा हुशारी आली.

२० डिसेंबर, शुक्रवार

सोमनाथ आला नाही. सुट्टीला गावी जात असेल.

वाट बघता बघता त्याचं सामान बघितलं. म्हणजे बघायला गेलो. त्याची बॅग नाही. कपडे नाहीत. दाढीचं सामान, टॉवेल, चप्पल, काही नाही. दोरीवर माझेच शर्ट. अडीच आठवडे एक माणूस इथं राहतोय आणि त्याचा साधा दात घासायचा ब्रशसुद्धा नाही.

खिडकीच्या कठड्यावर च्युइंगमचे चांदीचे कागद होते. प्रत्येकाचा छोटा पेला केलेला, खाली देठ, वर वाटी.

असे पेले मी करतो. पार्टीत हात गप्प बसायचे नाहीत म्हणून करायचो. टेबलभर मांडून ठेवायचो आणि मित्र हसायचे. मला दुसऱ्या कुणाला असे करताना बघितल्याचं आठवत नाही.

असेल. दुनियेत एवढी पोरं आहेत.

२६ डिसेंबर, गुरुवार

मावशी परत आल्यात. दुपारी पाणी भरायला खाली उतरलो, तर त्यांनी मला बसवून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, काल रात्री काय हसवलं रं बाबा तू मला, माझी दाढ दुखाया लागली हसून. पिठलं-भाकर कशी बोटं चाटून खाल्ली! आणि नंतर वर नाचत व्हता ते बी ऐकलं मी, पण म्हटलं नाचू दे, तरण्या जिवानं नाचावंच.

काल रात्री मी कंपनीत होतो.

मी म्हणालो, मावशी, तो सोमनाथ असेल. मी रातपाळीला असतो. त्या म्हणाल्या, सोमनाथ आलाच नाय की रं. त्याला तिकडं चाकणला काम लागलं, त्याचा फोन आला व्हता मला दौलताबादेत, तुला सांगायचं राह्यलं. तू एकटाच हायेस वर पहिल्यापासून.

मी विचारलं, मग काल तुमच्याकडे जेवलं कोण? त्या म्हणाल्या, तूच की. हाच शर्ट व्हता.

मग त्यांचा चेहरा जरा उतरला. म्हणाल्या, कालच्यावानी हसतं ठेव ना बाबा तोंड. आता बघ कसं सुतकी केलंस.

२७ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही. डोक्यानं विचार करायचा प्रयत्न करतोय.

पहिली शक्यता: मला वेड लागतंय. मीच रात्री खोलीवर असतो आणि कामावर गेल्याचं स्वप्न बघतो. पण कडुबाकाकांना विचारलं. ते म्हणाले, आहेस की रोज माझ्या शेजारी, गाईची गोष्ट कुणाला सांगतो मग मी? हजेरीच्या मशीनवर माझा अंगठा रोज लागलाय.

दुसरी शक्यता लिहायची हिंमत नाही. पण मॅडमचं आणखी एक वाक्य सारखं आठवतंय. तुमचा आनंद संपलेला नाही, तो सध्या तुमच्याजवळ नाही, एवढंच.

मग कुणाजवळ आहे?

आणि ते 'मजेत'. रोज दुपारी, हसून बघून, गळा साफ करून, मी ज्याला ताईशी बोलायला पुढे करत होतो — तो कोण होता?

खोली सोडणार. सोमवारी शहरात बघून येतो. आज शुक्रवार, आज तो येत नाही. शुक्रवारी मी असतो ना इथं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

काल ३१ तारीख. पुण्याची मंडळी फोन करणार हे माहीत होतं. फोन खोलीवर टाकला आणि कामावर गेलो. रात्रभर रबरं तपासली. बारा वाजता बाहेर फटाके वाजले, मला घाम फुटला, तोंडाला कोरड पडली, तरी जागचा हललो नाही. जिंकलो! सकाळी चालत येताना छाती भरून आली होती. ताईला हे सांगायचं ठरवलं. खरं खरं, रडून सांगायचं.

खोलीवर गोधडी तापलेली. चहा झाकलेला.

फोन हातात घेतला, तोही तापलेला. बारानंतर ताईचा फोन येऊन गेलेला. उचललेला. बराच वेळ बोललेला.

ताईला लावला. मी काही बोलायच्या आतच ती रडायला लागली. आनंदानं. म्हणाली, राजू, काल किती दिवसांनी तुझा खरा आवाज ऐकला रे. आईची नक्कल करून दाखवलीस, मी पोट धरून हसले. मला वाटलं होतं, माझा भाऊ गेला तो गेलाच. परत आलास बघ.

सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण चार वर्षांत ती अशी हसली नव्हती.

मी म्हणालो, हो ताई. मजेत आहे मी.

४ जानेवारी, शनिवार

खोली मिळाली नाही. दोन ठिकाणी गेलो, घरमालक समोरच्याशी बोलत राहिले. मी उभाच. एकानं माझ्या तोंडावर दार लावलं, रागानं नाही, सवयीनं लावल्यासारखं.

मावशींना हाक मारली. त्या तांदूळ निवडत होत्या. तिसऱ्या हाकेला वर बघितलं आणि म्हणाल्या, कोण हाय? ऊन डोळ्यावर येतंय.

ऊन त्यांच्या पाठीमागं होतं.

६ जानेवारी, सोमवार

हजेरीच्या मशीननं अंगठा घेतला नाही. पुसून लावला, दुसरा लावला. नाही. वॉचमन मागच्या माणसाला म्हणाला, चला, पुढं सरका.

आत गेलो तरी कुणी अडवलं नाही. कडुबाकाका गाईची गोष्ट पलीकडच्या माणसाला सांगत होते.

आज सांगितलं. अखेर सांगितलं. ताईला फोन लावला आणि हसून बघितलं नाही, गळा साफ केला नाही. म्हणालो, ताई, मी मजेत नाही. मी कधीच मजेत नव्हतो. मला फार एकटं वाटतं, काही गोड लागत नाही, आणि इथं कुणीतरी आहे जो मी नाही, तू लगेच ये —

ती हॅलो हॅलो करत होती. म्हणाली, आवाज येत नाही रे राजू. मी ओरडलो. ती म्हणाली, रेंज नसेल, रात्री बोलू, रात्री छान ऐकू येतं तुझं.

फोन ठेवला तिनं.

८ जानेवारी, बुधवार

कामावर गेलो नाही. त्याला गाठायचं म्हणून दार लावून खाटेवर बसून राहिलो. कुणी आलं नाही. कधीतरी डोळा लागला. जाग आली तर सकाळ, माझ्या अंगाखालची गोधडी थंडगार, आणि खालून माझं हसणं ऐकू येत होतं. मावशींच्या ओट्यावर. उन्हात.

आता तो दिवसाही —

आरसा नाही बघितला. नको.

फोनवर ताईचा मेसेज. शुक्रवारी येतेय. तू बोलावलंस तशी. तीळगूळ आणते, संक्रांतीला चार दिवस आहेत तरी. मी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, पण तिला ते ऐकू —

येऊ दे. आवाज पोचत नसेल, पण समोर आली की ओळखेल. लहानपणी अंधारात नुसत्या पायरवावरून ओळखायची मला. ती ओळखेलच.

९ जानेवारी, गुरुवार

भूक नाही. तहान नाही. जबडा दुखत नाही. गोळीची आठवणसुद्धा येत नाही. सुटलो म्हणायचं का यातून?

फक्त ताईनं बघावं. एकदा. मग काहीही —

थंडी फार. गोधडीत शिरलोय. माझ्यानं ती तापेना आधी. आता जरा तापलीय.

१० जानेवारी, शुक्रवार

रिक्षा थांबली. ताईचा आवाज. मावशी म्हणतायत, लई गुणाचा हाय तुमचा भाऊ, घर कसं भरल्यावानी वाटतं.

जिन्यावर पावलं. दोघांची. दुसरी पावलं मला पाठ आहेत.

दार उघडलं. ताई. किती वाळलीय. पण हसतेय. त्याच्या दंडाला धरलंय तिनं. त्याच्याकडे बघवत नाही, छान दिसतोय, रंग आलाय तोंडावर. मी उठून उभा — ताई — ताई इकडं —

ती खोलीभर बघतेय. माझ्यावरून नजर गेली. खिडकीवर गेली. पेला उचलून हसली.

तिनं विचारलं, एकच खाट? तो म्हणाला, दोघांत एक. पार्टनर रातपाळीला असतो. अजून तोंडसुद्धा बघितलं नाही त्याचं.

ताई खाटेवर बसली. माझ्या शेजारी. गोधडीवर हात ठेवला, जिथं मी — तिचा हात, ताईचा हात — आणि म्हणाली, आत्ताच उठून गेला वाटतं बिचारा. अजून ऊब आहे.

घडी नको घालूस, असं तो म्हणाला. त्याला बरं वाटतं.

ताईनं स्टोव्ह पेटवला. चहा केला. दोघांनी घेतला, हसत हसत. मी सगळा वेळ तिच्या नावानं — घसा — काही नाही. निघताना ती थांबली. मला वाटलं, आता. आता वळेल. वळली. उरलेला चहा कपात ओतला, वर बशी ठेवली. म्हणाली, कुणाचा तरी लेक आहे, थंडीचा येईल.

तीळगुळाची वडी ठेवली बाजूला.

पावलं उतरतायत. ती हसतेय खाली. रिक्षा.

चहा गरम असेल अजून. बशीच्या कडेनं वाफ येतेय. ताईच्या हातचा. एक घोट — बशी उचलायला हात नेला, पण ती हाताला लागतच